दवाखान्यातलं बेसिन आणि आपण

घरात कुणाचं बाळंतपण आलं की आपली तयारी सातव्या महिन्यापासूनच सुरू होते. जुन्या मऊ धोतरांची दुपटी, झबली-टोपडी, डिंक, अळीव, खारीक-खोबरं, सुंठ, थर्मास, वाटी-चमचा असं सगळं एका पिशवीत भरून ठेवलेलं असतं. दवाखान्यात कोण राहणार, डबा कोण पोचवणार, घरी धाकट्यांकडे कोण बघणार, याचीही वाटणी झालेली असते. ऑपरेशनची वेळ आलीच तर पैसे कुठून आणायचे, हेही ठरलेलं असतं. पण एका गोष्टीचा विचार आपल्यापैकी कुणीच केलेला नसतो, आणि ती गोष्ट म्हणजे वॉर्डातलं हात धुण्याचं बेसिन!

हसू नका, मैत्रिणींनो. या बेसिनने मोठमोठ्या देशांतल्या नावाजलेल्या रुग्णालयांची झोप उडवली आहे. मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून शाळेत दोन-चार तास शिकवणारी बाई आहे. पण घरात आजारपण निघालं की त्यावर मिळेल ते वाचायचं, आणि वाचलेलं पटलं की चारचौघींना सांगायचं, ही माझी जुनी खोड. या वेळी जे वाचलं ते तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण या गोष्टीत डॉक्टरांइतकाच आपल्यासारख्या, रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या बायकांचाही हात आहे.

जाळीखाली काय असतं?

आपल्या घरच्या बेसिनखाली जरा वाकून पाहा. पाइप सरळ भिंतीत जात नाही. आधी खाली, मग वर आणि मग भिंतीत, असं वळण घेतो. प्लंबर त्याला ट्रॅप म्हणतात. या वळणात थोडं पाणी कायम अडून राहतं, आणि ते अडावं म्हणूनच वळण दिलेलं असतं. गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून हा पाण्याचा पडदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर माहेरी राहून परत आलं की न्हाणीघरात कसा कुबट वास सुटलेला असतो! आपल्या परभणीत पारा ४४ च्या पुढे गेलेला, बेसिन वापरात नाही, मग वळणातलं पाणी आटून जातं आणि गटाराचा वास मोकळा होतो. तेव्हा हे साचलेलं पाणी उपयोगाचं आहे, यात शंका नाही.

पण पाणी जिथे साचतं तिथे जंतूही बिऱ्हाड करतात. रांजण आठ दिवस आतून घासला नाही तर हाताला बुळबुळीत लागतो की नाही? तसाच थर पाइपच्या आतून बसतो. जंतू स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आत लाखोंनी नांदतात. लोणच्यावरचा तेलाचा थर जसा आतल्या फोडी सांभाळतो, तसा हा थर आतल्या जंतूंना सांभाळतो. वरून साबण जावो, फिनेल जावो, आतली मंडळी सुरक्षित!

घरच्या बेसिनमध्येही हा थर असतोच. पण म्हणून घाबरून जायचं कारण नाही. घरात धडधाकट माणसं वावरतात, त्यांना सहसा काही होत नाही. दवाखान्याची गोष्ट निराळी. तिथे एकाच बेसिनमध्ये अनेक रुग्णांचं पाणी जातं. भारी भारी औषधांना दाद न देणारे जंतू त्या पाण्याबरोबर जाऊन पाइपात ठाण मांडतात. आणि त्याच बेसिनपासून दोन-चार हातांवर कुणी ऑपरेशन झालेली बाई, कुणी म्हातारं माणूस, कुणी दोन दिवसांचं बाळ पडलेलं असतं.

रोज एक इंच

आता तुम्ही म्हणाल, जंतू खाली पाइपात आहेत ना, मग राहीनात का! पाणी तर वरून खाली जातं, ते वर कसे येतील?

नेमका हाच प्रश्न अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डॉ. एमी मॅथर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडला. त्यांनी प्रयोगशाळेत रुग्णालयातल्यासारखी हुबेहूब पाच बेसिनं बसवली. प्रकाशात हिरवे चमकतील असे निरुपद्रवी जंतू त्यांनी एका बेसिनच्या ट्रॅपमध्ये सोडले आणि ते कुठे कुठे जातात ते पाहत राहिले. २०१७ साली हे काम प्रसिद्ध झालं.

त्यातून जे दिसलं ते आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. जंतूंना पोसणारं काही पाइपात पडत गेलं, तर त्यांचा थर पाइपच्या भिंतीला धरून वर चढतो. वेग किती? दिवसाला साधारण एक इंच. एका आठवड्यात तो बेसिनच्या जाळीपर्यंत पोचला! जंतू ट्रॅपच्या पाण्यात खालीच होते, तोवर नळ सोडला तरी बाहेर उडाले नाहीत. पण थर जाळीपर्यंत आला, आणि मग नळाची धार जाळीवर पडताच पाण्याच्या बारीक थेंबांबरोबर ते आजूबाजूला उडू लागले, पार ३० इंचांपर्यंत. शिवाय एकाच पाइपाला जोडलेल्या शेजारच्या बेसिनमध्येही ते पोचले.

थोडक्यात काय, जंतू खाली असतात तोवर बरं, आणि ते वर येतात ते आपण घातलेल्या खाण्यावर. हे खाणं म्हणजे काय? उरलेला चहा, दूध, पेज, वरणाचं पाणी, सरबत, ग्लुकोजची सलाईन. आपल्याला जे पौष्टिक तेच जंतूंनाही पौष्टिक. बाळंतिणीच्या थर्मासमधलं उरलेलं दूध बेसिनमध्ये ओतणं म्हणजे जंतूंच्या पंगतीला वाढणंच म्हणा ना!

नीळ घालून पाहा

पाणी उडून उडून किती उडणार, असं वाटतं ना? कॅनडातल्या टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्येही आधी कुणाला ते खरं वाटलं नसतं. २००४ च्या डिसेंबरपासून २००६ च्या मार्चपर्यंत तिथल्या अतिदक्षता विभागात आणि अवयव बदललेल्या रुग्णांच्या विभागात एकाच जातीचे हट्टी जंतू एकामागून एक अशा ३६ रुग्णांच्या अंगात सापडले. जंतूचं नाव स्यूडोमोनास. शोध घेता घेता लोक पोचले हात धुण्याच्या बेसिनपाशी! तिथे उंच, बगळ्याच्या मानेसारखे वाकलेले नळ होते. बेसिन उथळ होतं आणि नळाची धार थेट जाळीच्या तोंडावर पडत होती. चमकणारा रंग जाळीत घालून नळ सोडला तेव्हा त्याचे थेंब एक मीटरपर्यंत उडालेले दिसले. बेसिनच्या शेजारीच औषधं तयार करायचा ओटा होता आणि रुग्णाची खाटही फार लांब नव्हती. पुढे ती बेसिनं बदलली, धार जाळीवर पडणार नाही अशी केली, मधे आडोसा घातला, आणि साथ थांबली.

हे वाचल्यावर मी शाळेत आठवीच्या मुलींना घेऊन एक गंमत केली. तुम्हीही घरी करून पाहा. कपड्यांना घालायची नीळ थोड्या पाण्यात दाट कालवायची आणि बेसिनच्या जाळीत हळूच ओतायची. बेसिनभोवती ओट्यावर आणि खाली फरशीवर जुनी वर्तमानपत्रं पसरायची. मग नळ नेहमीसारखा पूर्ण सोडून हात धुवायचे. मुलींनी कागद उचलून पाहिले आणि त्यांचे डोळेच विस्फारले! हाताच्या अंतरावर निळे ठिपके, एकीच्या पांढऱ्या ओढणीवरही दोन. मग आम्ही नळ बारीक केला आणि धार जाळीवर न पडता बाजूला भांड्याच्या कडेवर पडेल अशी धरली. ठिपके जवळजवळ थांबले. दोन मिनिटांचा खेळ, पण मुली तो विसरणार नाहीत.

जिवावर बेततं ते कुणाच्या?

निरोगी माणसाच्या हातावर हे जंतू आले तरी तो हात पुसून कामाला लागतो. पण ज्यांच्या अंगात सुई, नळी आहे, टाके आहेत, भाजलेली जखम आहे, त्यांच्या शरीराचं दार उघडं असतं. आणि सगळ्यांत नाजूक म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ. आपण म्हणतो ना, ‘बाळाला पेटीत ठेवलंय’, त्या पेटीतल्या बाळाची कातडीसुद्धा अजून पुरती तयार झालेली नसते.

आयर्लंडच्या उत्तर भागात २०११ च्या डिसेंबरात आणि २०१२ च्या जानेवारीत नवजात बाळांच्या कक्षांमध्ये अशीच स्यूडोमोनासची साथ आली. चार बाळं गेली, त्यांतली तीन बेलफास्ट शहरातल्या एकाच रुग्णालयातली. तिथे जंतू सापडले ते नळांतच! नळाच्या तोंडाशी धार सरळ पडावी म्हणून जो तुकडा बसवलेला असतो, त्याच्यावर थर साचला होता. त्यानंतर तिथे अशा बाळांचं अंग पुसायलासुद्धा निर्जंतुक पाणीच वापरायचं ठरलं.

ही झाली श्रीमंत देशांची गोष्ट. आपल्याकडे काय? दिल्लीच्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आलेल्या १३,५३० बाळांची नोंद ठेवली गेली. त्यांतल्या शेकडा चौदा बाळांच्या रक्तात विष भिनल्याचं, म्हणजे सेप्सिस झाल्याचं आढळलं. ज्यांच्या तपासणीत जंतू सापडले त्यांत सर्वांत जास्त होता ॲसिनेटोबॅक्टर आणि त्याच्या पाठोपाठ क्लेब्सिएला. हे दोघेही ओल्या जागी राहणारे, बेसिनच्या पाइपात सापडणारे. या सगळ्या बाळांना ते बेसिनमधूनच झाले असं मी म्हणणार नाही. ते हातांवरून, उपकरणांवरून, अनेक वाटांनी पोचतात. पण त्यांची वस्ती कुठे असते हे ठाऊक असलेलं बरं.

आणि हे जंतू औषधांना बधत नाहीत, हे दुसरं संकट. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात, शेवटची म्हणून राखून ठेवलेली प्रतिजैविकं ज्यांच्यावर चालत नाहीत असे २४ जंतू तपासले. त्यांपैकी २२ जंतूंत ‘एनडीएम’ नावाचं, औषध निकामी करणारं हत्यार सापडलं. २०११ साली दिल्लीच्या रस्त्याकडेला साचलेल्या पाण्यात आणि नळाच्या दोन नमुन्यांतही तेच सापडल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे दवाखाना काय आणि नळ काय, पाण्याची वाट त्यांना ठाऊक आहे. औषध चालत नसेल तर जंतू अंगात शिरूच न देणं, एवढंच हातात उरतं.

बेसिन एक आणि कामं सतरा

मध्यंतरी नणंदेच्या बाळंतपणात मी चार दिवस एका दवाखान्यात तिच्याजवळ राहिले. वॉर्डात अठरा खाटा आणि कोपऱ्यात एक बेसिन. सकाळी सहापासून त्याच्यापुढे रांग. कुणी दात घासतंय, कुणी चूळ भरतंय, कुणी डबा विसळतंय. सिस्टर येऊन त्यातच ट्रे धुऊन जाते, आयाबाई त्यातच फडकं पिळते. त्याच नळाला बाटली लावून प्यायचं पाणी भरलं जातं, आणि त्याच्याच कडेवर बाळाची वाटी-चमचा आणि बोंडलं पालथं घातलेलं. जाळीत भाताची शितं आणि चहाची पत्ती.

शेजारच्या खाटेवरच्या सुनेजवळ पाथरीकडच्या एक आजी बसल्या होत्या. त्या बाळाची वाटी बेसिनमध्ये धुवायला निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, “आजी, वाटी घरून उकळून आणलेली वापरा, इथं नका धुऊ.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, “मग कुठं धुवावं बाई? खाली मोरी हाय म्हणतात, पर तिथं कुलूप. सुनंला टाकून मी किती डाव जिने उतरू?”

आजींचं काय चुकलं? आपण बायका बेसिनला मोरी करतो ती हौसेने नव्हे. मराठवाड्यातल्या आपल्या दवाखान्यांत रुग्णाचं खाणं-पिणं, धुणं-पुसणं सगळं घरची बाईच बघते. खेड्यावरून आलेली असते, मुक्काम तिथेच. तिला भांडं धुवायला, उष्टं टाकायला जागा हवी की नको? ती जागा दिली नाही, तर जे एकच भोक दिसतं त्यातच सगळं जाणार. पाणी तरी कुठे हवं तेव्हा असतं? नळाला रोज पाणी येण्याचं भाग्य आपल्या भागात थोड्यांनाच. टाकीत साठवलेलं पाणी संपत आलं की बेसिनमध्ये चहा ओतला जातो, पण त्यामागून तांब्याभर पाणी काही जात नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरची आठवण तुम्हांला असेल. शेजारच्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बाळं. आपल्याकडे रुग्णाचं जास्त झालं की ‘नांदेडला हलवा’ म्हणतात, त्यामुळे त्या बातमीने परभणीच्या घराघरांत काळजाचा ठोका चुकला. त्या मृत्यूंची कारणं वेगवेगळी सांगितली गेली. बेसिनशी त्यांचा संबंध जोडण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण त्यानंतर एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांनाच झाडू हाती देऊन घाण संडास साफ करायला लावला, आणि ते दृश्य घरोघर पाहिलं गेलं. त्यावरून गुन्हाही नोंदवला गेला. मला वाटलं, सगळ्यांची नजर गेली ती डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीवर. ती निघायलाच हवी. पण पांढरंशुभ्र, चकचकीत बेसिनसुद्धा जाळीखाली काय बाळगून असतं, हे झाडूने कळत नाही आणि झाडूने निघतही नाही.

फिनेल ओतलं की झालं?

“रोज सकाळी फिनेल टाकतो की!” हे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. पण फिनेल असो की ब्लीचिंगचं पाणी, बेसिनमध्ये ओतलं की क्षणात वाहून जातं. चिकट थराच्या वरवरचे जंतू मरतात आणि आतले काही दिवसांत पुन्हा वाढतात. म्हणून एकदा ओतून मोकळं होण्यात अर्थ नाही.

मग काय करावं? जाणकार जे सांगतात ते असं. बेसिन पुसताना क्रम महत्त्वाचा. आधी नळ, मग भांड्याची कड, मग आतलं भांडं आणि सर्वांत शेवटी जाळी. जाळीला लावलेलं फडकं पुन्हा नळाला लावायचं नाही. आपण नेमकं उलट करतो. घाण जिथे जास्त तिथून सुरुवात करतो आणि तेच फडकं मग नळावर फिरवतो!

ब्लीचिंग पावडर फरशी-भांडं पुसायला जरूर वापरावी. ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम टाकली की साधारण एक टक्क्याचं द्रावण होतं. ते रोज ताजं करायचं, आणि पावडरीचा डबा घट्ट झाकून सावलीत ठेवायचा. उन्हाळ्यात उघडी राहिली तर तिचा कस जातो. आणखी एक महत्त्वाची सूचना, ही घरासाठीसुद्धा: ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू छातीत भरून जीव गुदमरतो.

पण खरा उपाय बेसिनच्या बनावटीत आणि वापरात आहे. धार जाळीवर पडू नये. भांडं खोल असावं. बेसिन खाटेपासून आणि औषधांच्या ओट्यापासून लांब असावं, ते जमत नसेल तर मधे आडोसा असावा. गळका नळ आणि तुंबलेला पाइप त्याच दिवशी दुरुस्त व्हावा, कारण तुंबलेल्या बेसिनमधून खालचं सगळं वर येतं. काही देशांत तर ट्रॅपमधलं पाणी तापवून जंतू मारणारी यंत्रं बसवली आहेत. नेदरलँड्समधल्या नायमेखन गावच्या विद्यापीठ रुग्णालयाने २०१४ साली त्याहून पुढची मजल मारली. अतिदक्षता विभागात रुग्णांच्या खोल्यांतली बेसिनं काढूनच टाकली! अंग पुसायला ओले निर्जंतुक रुमाल, हातांना अल्कोहोलचं द्रावण. रुग्णांच्या अंगावर असे जंतू सापडण्याचं प्रमाण तिथे हजार रुग्ण-दिवसांमागे २६.३ वरून २१.६ वर आलं. जे रुग्ण जास्त दिवस राहिले त्यांना तर फायदा फारच मोठा झाला.

आपल्याला बेसिनं काढून चालणार नाही. आपल्याकडे अजून ती पुरेशी आहेत कुठे? आणि हे सगळं वाचून कुणी हात धुणंच सोडून दिलं तर माझ्या लिहिण्याचा उलटाच परिणाम व्हायचा! हात धुण्याला पर्याय नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना ब्लीचिंगसारख्याच क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतरोगाने शेकडा अठरा बायका मरत होत्या, त्या दोन-तीन महिन्यांत शेकडा दोनांवर आल्या. ते सत्य आजही तसंच आहे. म्हणूनच तर हात धुण्याची जागा मोरीसारखी वापरायची नाही.

आपल्या हातात काय आहे?

दवाखान्यात राहायची वेळ आली तर एवढं सांभाळा:

१. वॉर्डातलं बेसिन फक्त हात धुण्यासाठी. चहा, दूध, पेज, उरलेलं सरबत, सलाईन त्यात ओतू नका. घरून झाकणाचा एक जुना डबा किंवा छोटी बादली न्या. उष्टं, खरकटं आणि विसळलेलं पाणी त्यात साठवून संडासात किंवा बाहेरच्या मोरीत टाका.

२. डबे घरी नेऊनच घासा. डबा पोचवणाऱ्याला रिकामा डबा परत न्यायची सवय लावा.

३. बाळाची वाटी, चमचा, बोंडलं बेसिनमध्ये धुऊ नका आणि त्याच्या कडेवर ठेवू नका. घरून उकळून, स्वच्छ झाकणाच्या डब्यात दोन-तीन संच आणा. बाळ अंगावर पीत असेल तर त्याहून उत्तम, वाटी-चमच्याची भानगडच नको!

४. बेसिनपासून दोन-तीन हातांच्या आत काहीही ठेवू नका. बाळाची दुपटी, औषधं, कापूस, पाण्याचा तांब्या, फळं, सगळं लांब. नळाचे थेंब कुठवर जातात ते आठवा.

५. बाळाला त्या बेसिनमध्ये किंवा त्या नळाच्या पाण्याने न्हाऊ घालू नका. बाळाची पहिली अंघोळ जन्मानंतर निदान २४ तास लांबवावी असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. अंग पुसायचं तर उकळून कोमट केलेलं पाणी घ्या. बाळ पेटीत असेल तर सिस्टर सांगतील तेवढंच करा.

६. नळ बारीक सोडा, धार जाळीवर पडू देऊ नका. साबण लावून बोटांच्या बेचक्या आणि नखं धरून सगळं मिळून ४० ते ६० सेकंद हात धुवा. मग हात पदराला पुसू नका! दिवसभर खाटेला, जमिनीला लागलेला पदर धुतलेल्या हातांवर पाणी फिरवतो. रोज धुतलेला स्वच्छ नॅपकिन जवळ ठेवा.

७. हात धुतल्यावरही बाळाला किंवा जखमेजवळ हात लावण्याआधी, दवाखान्यात हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण असेल तर २०-३० सेकंद चोळा. हात पूर्ण सुकू द्या.

८. प्यायचं पाणी घरून, किंवा दवाखान्यात पिण्यासाठी म्हणून लावलेल्या नळाचंच.

९. डॉक्टर, सिस्टर, मावशी कुणीही असो, “हात धुतलेत ना?” असं नम्रपणे विचारायला लाजू नका. आपल्या पदरातलं लेकरू आहे.

यांतलं बरंचसं दोन रुपयेही खर्च न करता होतं. पण सगळा भार आपल्याच शिरावर घेऊन चालणार नाही. पाथरीच्या आजींचा प्रश्न अजून तसाच आहे: मग कुठं धुवावं, बाई? त्याचं उत्तर दवाखान्याने द्यायचं आहे. प्रत्येक मजल्यावर भांडी धुवायला आणि खरकटं टाकायला वेगळी मोरी, तिला कुलूप नाही, आणि वॉर्डातल्या बेसिनवर मोठ्या अक्षरांत, चित्रासह एक पाटी: ‘इथे फक्त हात धुवा’. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल अशी.

हे मागायचं कुणाकडे? सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समिती असते. स्वच्छतेसाठी दवाखान्यांना गुण आणि बक्षीस देणारी केंद्र सरकारची ‘कायाकल्प’ योजना २०१५ पासून आहे आणि जंतुसंसर्ग टाळण्याचे गुण त्यात वेगळे मोजले जातात. परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे, तेव्हा ही जाण असलेली माणसं गावातच आहेत. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, मानवत, सगळीकडे आपली महिला मंडळं आहेत, भिशीचे गट आहेत, बचत गट आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून स्टीलच्या वाट्या-डब्या लुटतो. एखाद्या वर्षी मंडळातर्फे गावच्या दवाखान्याला झाकणाच्या बादल्या आणि चार पाट्या द्याव्यात, आणि देताना समितीकडे मोरीचा अर्जही हातात ठेवावा. एकटीचा अर्ज फायलीत पडून राहतो, चाळीस सह्यांचा अर्ज निदान वाचला तरी जातो.

तोवर, पुढच्या वेळी कुणाच्या बाळंतपणाची पिशवी भराल तेव्हा थर्मासच्या शेजारी तो झाकणाचा जुना डबा ठेवायला विसरू नका.